त्रेचाळीस-शहाऐंशी

दोन वर्षांपूर्वी मी जुन्या लेन्सांबद्दल एक लेख लिहिला होता. जुन्या काचेला स्वभाव असतो, अशा अर्थाचं त्यात बरंच काही होतं. कडेला वाकणाऱ्या रेघा, उजेडाकडे तोंड केलं की चित्रावर सांडणारं दूध, कोपऱ्यांतला मऊपणा, हे सगळं मी गुणांच्या खात्यात जमा केलं होतं. लेख बऱ्यापैकी वाचला गेला. मिरजेच्या माझ्या मामांनीही वाचला; म्हणजे त्यांच्या नातवाने मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिली. नंतर फोनवर ते एवढंच म्हणाले, "अगं, ती लेन्स माझ्याकडनंच नेलेली ना? मग लिहायच्या आधी मला विचारायचं तरी."

मी विचारलं, पण उशिरा, आणि तेही एक फोटो बिघडल्यावर. त्या उशिरा विचारण्यातून माझं आधीचं मत बरंचसं मोडलं.

लेन्स म्हणजे निकॉनची झूम-निक्कॉर ४३-८६, ॲपर्चर एफ ३.५. मामांनी ती बोराबाजारातून जुनी विकत घेतली होती आणि निकोरमॅटवर लावून मिरज-सांगलीकडची लग्नं काढली. स्थिरचित्रणाच्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी पहिली झूम आली १९५९ साली, फोइगटलेंडरची झूमार, ३६-८२. ती वजनदार आणि महाग होती. ४३-८६ आली १९६३ साली. आधी ती निकोरेक्स झूम ३५ या कॅमेऱ्यावर कायमची बसवलेली होती, मग सुटीही मिळू लागली. आकाराने लहान, परवडणारी, आणि ५२ मिमीचे नेहमीचे फिल्टर तिला चालत. त्यामुळे ती सामान्य माणसाच्या गळ्यात आली. झूम नावाची वस्तू फोटो काढणाऱ्या असंख्य लोकांनी पहिल्यांदा हातात धरली ती हिच्या रूपात.

तिच्यावर एकच कडं आहे. फिरवलं की फोकस, पुढेमागे सरकवलं की झूम. नळीवर रंगीत वाकड्या रेघा आहेत, एखाद्या पंख्याच्या पात्यांसारख्या एका टोकाला पसरलेल्या आणि दुसऱ्या टोकाला मिटत गेलेल्या. कोणत्या ॲपर्चरला किती अंतरापासून किती अंतरापर्यंत स्पष्ट येईल, ते या रेघा सांगतात. मला त्या शोभेच्या वाटायच्या. मामा त्या वाचायचे.

आणि हो, ती वाईट लेन्स म्हणून प्रसिद्ध आहे. हे मी नम्रपणे लिहीत नाहीये, तिची ख्यातीच तशी आहे. ४३ वर सरळ भिंत फुगते, ८६ वर तीच आत खचते. पहिल्या बांधणीत ७ गटांत ९ भिंगं होती. पुढे १९७०च्या दशकात ८ गटांत ११ भिंगं घालून ती नव्याने आखली गेली आणि बरीच सुधारली. मामांची पहिलीच. समोरून बल्ब आला की चित्र फिकट होतं.

आज या लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावायची हौस आहे आणि मीही त्या हौशीतलीच. करणं सोपं आहे. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी असतं, कारण मध्ये आरसा मावायला हवा. आताच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत ते खूप कमी. सोनीत १८, निकॉनच्याच झेड मालिकेत १६. उरलेलं अंतर भरायला एक पोकळ नळी मिळते, तिला ॲडाप्टर म्हणतात. आत काच नाही, वायर नाही, काही नाही. एका बाजूला १९६३ आणि दुसऱ्या बाजूला मागच्या वर्षीचा कॅमेरा.

कॅमेऱ्याला या लेन्सचा पत्ताच लागत नाही. ॲपर्चर दाखवायच्या जागी एफपुढे दोन आडव्या रेघा येतात. हाताचा कंप शोषून घेणाऱ्या यंत्रणेला लेन्स किती मिलिमीटरची आहे ते आपण सांगावं लागतं. झूममध्ये ती संख्या सारखी बदलते. ८६ लिहून ठेवलं आणि ४३ वर आलात तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त हलते. जुनी लेन्स मन शांत करते असं लिहिणाऱ्यांनी (मीही लिहिलंय) लग्नाच्या गर्दीत मेनूत शिरून आकडे बदलून बघावेत.

फोकस मात्र सोपा झालाय. स्पष्ट कडांवर लाल रंग चढवणारी सोय असते. मामांच्या हातात कॅमेरा दिला तेव्हा त्यांनी पडद्याकडे बघून विचारलं, "हे काय, सगळ्यांना कुंकू लावलंस?" मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही त्यांना निकोरमॅटच्या खिडकीतून नीट जुळवता येत नव्हतं. इथे चित्र दहापट मोठं करून पाहता येतं. त्यात ते पाच मिनिटं रमले, भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी फोकस केली, आणि मग म्हणाले की हे कुंकू फार सैल आहे, नाकालाही लागतं आणि कानालाही. निदान बरोबर होतं. ४३ वर तर ते अर्ध्या मांडवाला लागतं.

मी त्या वेळी त्यांना माझे फोटो दाखवले होते. जुन्या लेखासाठी काढलेले: खिडकीतून येणारा उजेड, त्यात विरघळलेला चेहरा, वाकलेली चौकट. त्यांनी ते शांतपणे पाहिले. मग कपाटातून एक खोका काढला. १९७०च्या दशकातली लग्नं, पोस्टकार्ड आकाराच्या कृष्णधवल प्रती. त्याच लेन्सने काढलेल्या.

त्यांत यातलं काहीच नव्हतं.

मी एकेक प्रत उजेडात धरून बघितली. दूध नव्हतं, चौकटी सरळ होत्या, चेहरे काळ्या-पांढऱ्यात खणखणीत होते. त्या फोटोंना 'व्हिंटेज' म्हणावं असं त्यांच्यात कपड्यांखेरीज काही नव्हतं. मला वाटलं, त्या काळी लेन्स नवी होती, आता काच धुरकटली असेल. मामा हसले. निगेटिव्ह काढून दाखवल्या. तिथे सगळं होतं: पेट्रोमॅक्सच्या उजेडाने फिकट झालेला अंतरपाट, फुगलेला कार्यालयाचा खांब. प्रत काढताना ते जात असे. फिकट निगेटिव्हला जास्त नंबरचा, म्हणजे करकरीत काळा-पांढरा देणारा कागद. कडेचा खांब चौकटीबाहेर. जिथे उजेड सांडला असेल तिथे पुठ्ठ्याच्या भोकातून आणखी चार सेकंद. शिवाय काढतानाची शिस्त वेगळीच: ४३ वर ग्रुप घेताना टोकाला कुणाला उभं करायचं नाही, करावंच लागलं तर बारीक मुलं, भिंतीला समांतर उभं राहायचं नाही, दिवा समोर असेल तर मदतनिसाने लेन्सवर हात आडवा धरायचा. रोल महाग असायचा. उटीच्या इंदू फिल्मचे किंवा ओर्वोचे छत्तीस फोटो, आणि त्यांत अख्खं लग्न.

मी ज्याला लेन्सचा स्वभाव म्हणत होते ते म्हणजे त्यांनी उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाला दिसू न दिलेली गोष्ट. ते मला असं काही म्हणाले नाहीत. पण खोका बंद करताना मला माझ्या लेखाची लाज वाटली, आणि ती अजून पूर्ण गेलेली नाही. कुणी एखाद्या गवयाच्या घशातल्या खाकरण्याला त्याची शैली म्हणावं, त्यातला प्रकार.

एक दुसरं मतही तिथेच ढासळलं. नव्या लेन्सांवर माझा राग होता तो असा: आताच्या बऱ्याच लेन्स आखतानाच वाकड्या ठेवलेल्या असतात. वाकडेपणा कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर सरळ करतं, आणि व्ह्यूफाइंडरमध्ये आपल्याला आधीच सरळ केलेलं चित्र दिसतं. मला ही फसवणूक वाटायची. त्यापुढे आमची बिचारी ४३-८६ प्रामाणिक, जे आहे ते दाखवते. पण मामा अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याला भोक पाडून जे करत होते, तेच आता चिप करते. फरक आहे तो कुठे? मामांना प्रत्येक निगेटिव्हचा दोष ठाऊक होता. दुरुस्ती करायची की नाही हे ते फोटोगणिक ठरवत. मला माझ्या नव्या लेन्सचा दोष कधी दिसलेलाच नाही. फसवणूक वगैरे शब्द मोठे झाले. मी फक्त अडाणी राहिले, एवढंच.

आता जो फोटो बिघडला त्याबद्दल.

मामांच्या नातवाचा साखरपुडा सांगलीला होता. भाड्याचा फोटोग्राफर होताच. मी हौस म्हणून ४३-८६ नेली होती. माझी आई आणि मामा यांच्यात आजोळच्या घरावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. दोघं एकमेकांच्या कार्यांना यायचे, दोन टोकांना बसायचे, आहेर पाठवायचे भाच्यांच्या हातून. मी आणि मामा बोलायचो, पण आईसमोर नाही. त्या दिवशी स्टेजवर अंगठ्या चालू असताना आई उठली आणि मामांच्या सोफ्यावर जाऊन बसली. कुणाचं लक्ष नव्हतं. फोटोग्राफर स्टेजवर. मी हॉलच्या दुसऱ्या बाजूला.

मामांनी शिकवलं होतं तसंच मी केलं. ८६ वर जुळवायचं, कारण तिथे चूक स्पष्ट दिसते. मग झूम उघडून ४३ वर यायचं आणि चौकट करायची. खरी झूम असेल तर फोकस जागचा हलत नाही. लग्नांतल्या माणसांची ही जुनी रीत आहे. मी जवळ गेले, दोनेक मीटरवर थांबले, ८६ वर आईच्या चष्म्याच्या काडीवर जुळवलं, ४३ वर आले आणि तीन फोटो काढले. मग दोघं माझ्याकडे बघून सावरून बसले आणि ते संपलं.

घरी संगणकावर उघडले तर तिन्हींत आई आणि मामा मऊ, आणि त्यांच्या मागच्या पडद्यावरची जरीची फुलं धारदार. मोबाइलवर बरे दिसत होते. आतेबहिणीला पाठवला तर तिने लिहिलं, "जुन्या लेन्सची जादूच वेगळी!" मी ते वाचून बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी मीच तिला हे शिकवलं होतं.

इथे झूमबद्दल थोडं बोलायला हवं, कारण माझी पहिली शंका माझ्या पायांवर होती. झूम आळशांची, खरा फोटोग्राफर चालतो, असं एक मत आहे आणि ते जुनं आहे. त्यात तथ्य एवढंच की चित्रातली जवळ-दूरची मांडणी आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरते, लेन्सवर नाही. झूम फक्त चौकट आवळते किंवा सैल सोडते. पण म्हणून चालणं नेहमी श्रेष्ठ कसं? मामा नवरीच्या आईच्या मागे, खांबाला टेकून उभे राहायचे. पुढे गेले असते तर अक्षता टाकणाऱ्यांच्या आड आले असते. न हलता जवळ जाता येणं हा त्यांच्या धंद्यात सभ्यपणा होता.

सत्यजित राय यांच्या 'चारुलता'त (१९६४, कॅमेरा सुब्रत मित्र) सुरुवातीला तो प्रसंग आहे. चारू दुपारी घरात एकटी, हातात छोटी दुर्बीण घेऊन खिडक्यांतून रस्ता बघतेय. नवरा भूपती पुस्तकात डोकं घालून तिच्या समोरून जातो, तिला न पाहता. ती दुर्बीण डोळ्याला लावते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे बघते. तो निघून जातो, तिचा हात खाली येतो, आणि कॅमेरा एकदम मागे ओढला जातो. हे मागे जाणं झूमचं आहे. कुणी चालत मागे सरकलेलं नाही. आपण होतो तिथेच आहोत, फक्त चारूभोवती घराचा रिकामेपणा वाढलाय. चाकांवरून कॅमेरा मागे नेला असता तर मांडणी बदलत गेली असती, एक प्रवास झाल्यासारखं वाटलं असतं. इथे प्रवास नाही, नुसतं सुटणं आहे. पुढच्या दशकात हिंदी सिनेमाने याच यंत्राने खलनायकाच्या डोळ्यांवर इतक्यांदा उडी मारली की झूमचं नाव खराब झालं. पण त्याला झूम जबाबदार नाही.

मला हा प्रसंग आठवला तो वेगळ्या कारणाने. मी पलीकडच्या बाजूला ८६ वर थांबले असते तर चाललं असतं. मला कुणी दुर्बीण खाली ठेवायला सांगितलं नव्हतं. जवळ जायची घाई माझी होती.

पण जवळ गेल्याने फोकस का चुकावा? पुढच्या महिन्यात लेन्स आणि कॅमेरा घेऊन मिरजेला गेले. मामांनी आधी लेन्स निकोरमॅटवर चढवली आणि मला बघायला लावलं. भिंतीवर वर्तमानपत्राचं मथळ्याचं पान. ८६ वर जुळवलं, ४३ वर आले, मथळा जागच्या जागी. मग माझ्या कॅमेऱ्यावर. ८६ वर खणखणीत, ४३ वर विस्कटलेला. मग त्यांनी गच्चीवर जाऊन लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवायला सांगितलं. टॉवर अनंताच्या खुणेच्या बऱ्याच अलीकडे स्पष्ट झाला.

"नळी आखूड आहे," मामा म्हणाले.

ही साधी गोष्ट मला कुठल्याच कौतुकाच्या लेखात भेटली नव्हती. स्वस्त ॲडाप्टर जरासे आखूड केलेले असू शकतात, म्हणजे कुठलीही लेन्स लावली तरी अनंतापर्यंत फोकस लागतोच आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. एकाच मापाची लेन्स असेल तर फरक कळतही नाही. कडं थोडं जास्त फिरवलं की झालं. झूममध्ये मात्र कळतो. लेन्स सेन्सरच्या जवळ आली की फोकस पलीकडे पडतो. ८६ वर कडं फिरवून आपण तो परत ओढतो. पण त्याच फिरवण्याचा ४३ वर परिणाम एक-चतुर्थांशच होतो, कारण लांबी निम्मी आणि हिशेब वर्गाचा. बाकीची पाऊण चूक तशीच राहते, आणि ती माणसाच्या मागच्या पडद्यावर जाऊन बसते. मिलिमीटरचे एक-दोन दशांश पुरतात.

म्हणजे जिला मी जुनी लेन्स म्हणून उचलून आणलं ती अर्धीच होती. उरलेली अर्धी म्हणजे ४६.५ मिमी रिकामी जागा, ती मी आणलीच नव्हती. अनुवाद करणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

मामांनी ॲडाप्टरच्या पुढच्या कड्याचे चार स्क्रू काढले. कपाटातून एका जुन्या रोलची सुरुवातीची काळी पट्टी काढली, ज्यावर फोटो नसतो ती. कात्रीने बारीक कमानी कापल्या, कड्याखाली ठेवल्या, स्क्रू आवळले. फिल्म साधारण ०.१३ मिमी जाड असते. एकीने भागलं नाही, दुसरी घातली. मथळा ८६ वरून ४३ पर्यंत जागचा हलला नाही. टॉवर आता अनंताच्या खुणेवर आला, जेमतेम, पण आला. या सगळ्याला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटं खाली पडलेला स्क्रू शोधण्यात गेली.

मी म्हणाले, आईला इथे घेऊन येते, तुम्ही दोघं परत एकदा बसा. मामांनी मान हलवली. बसवून काढला तर तो दुसराच फोटो. मग म्हणाले, "आहे तोच छाप. एवढा मोठा कशाला बघतेस?" चोवीस मेगापिक्सेलचा फोटो पडद्यावर पूर्ण उघडला तर तो दीडेक मीटर रुंद प्रतीसारखा दिसतो, मामांनी त्या मापाची प्रत जन्मात काढली नव्हती. पोस्टकार्ड आकारात आईचे डोळे येतात. चष्म्याची काडी येत नाही.

छापायच्या आधी त्यांनी डावी बाजू बोटाने झाकून दाखवली. तिथे कार्यालयाचा खांब होता, फुगलेला. "हा काप. अक्काला सांगू नकोस काय होतं तिथे."

तीन प्रती काढल्या. एक मिरजेला आहे, एक माझ्याकडे. आईने तिची देवघराशेजारच्या कपाटाच्या काचेत खोचलीय, खांब कापलेली. तिला लेन्सबद्दल विचारलं तर ती म्हणाली, फोटो चांगला आलाय, पण पडद्याचा रंग जरा जास्तच उठून दिसतो.